पोस्टग्रेस १८: माझ्या रिकाम्या रकान्याची झडती

पोस्टग्रेस हा डेटाबेस, म्हणजे माहिती साठवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो, त्यामुळे त्याचं परीक्षण लिहावं असं सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. लोक मिक्सरचं लिहितात, मोबाइलचं लिहितात, आमच्या नागपुरात तर एप्रिल लागला की कूलरच्या वाळ्याचंसुद्धा लिहितात. मी डेटाबेसचं लिहितेय, कारण या फुकटच्या वस्तूने माझी अकरा वर्षांची एक लबाडी पकडली. तीही मी अंगणात आणायच्या आधी, दारातच.

माझा धंदा छोटा आहे. गणेशपेठेत एका जिन्याखालच्या खोलीत मी आणि एक पोरगा, आम्ही दोघं कळमन्याच्या अडत्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवतो. शेतकऱ्याची संत्र्याची गाडी येते, काट्यावर वजन होतं, लिलाव होतो, टनाला भाव ठरतो, मग त्यातून तोलाई-हमाली वगैरे वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. पट्टी दिली की त्या आवकेचा हिशेब मिटला. नाही दिली की उघडा. आमच्या डेटाबेसात हे एका कॉलमवर चालतं: पट्टी_तारीख. तारीख असली की पैसे गेले, रकाना रिकामा असला की पैसे द्यायचे आहेत. रोज संध्याकाळी शेठ माझ्या सॉफ्टवेअरला एकच प्रश्न विचारतात, की कोणाकोणाचं देणं राहिलं? आतल्या भाषेत तो प्रश्न असा: आवकेतल्या अशा ओळी दाखव, जिथे पट्टी_तारीख इज नल.

या ‘नल’वरून शेठचं आणि माझं पहिल्याच दिवशी झालं होतं. “मॅडम, नल म्हणजे पाण्याचा का जी?” आमच्याकडे नळाला बरेच लोक नलच म्हणतात, त्यांची चूक नाही. मी म्हटलं, नाही हो, नल म्हणजे माहीतच नाही. “मंग झिरो लिवा ना.” झिरो नाही चालत, शेठ. झिरो ही गोष्ट असते. झिरोचा तर आपल्या नागपुरात दगड उभा आहे, चार घोडे आणि खांबासकट, जाऊन हात लावून येता येतो. नलला हात लावता येत नाही. नल बरोबर नल का, असं विचारलं तर डेटाबेस ‘हो’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही, ‘माहीत नाही’ म्हणतो. म्हणून ‘बरोबर’चं चिन्ह वापरून नल सापडत नाही, त्याला ‘इज नल’ असंच विचारावं लागतं. शेठना पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्यानंतर ते मला ‘नलवाली ताई’ म्हणायला लागले.

आता लबाडी. आमचं आवकेचं टेबल एकच नाही. एक मूळ टेबल आहे आणि त्याच्या पोटात संत्र्याच्या दर बहाराचं, म्हणजे हंगामाचं, एक पोटटेबल: आंबिया २०१४, मृग २०१४, असं करत करत बावीस झाली. तेव्हा पोस्टग्रेसमध्ये पार्टिशनची, म्हणजे एका टेबलाचे तुकडे करून ठेवायची, आजची सोय नव्हती, ती आली २०१७ साली १०व्या आवृत्तीत. त्याआधी सगळे जण इनहेरिटन्सवरच, म्हणजे मूळ टेबलाचे कॉलम आणि अटी पोटटेबलाला वारशाने देण्यावरच, भागवायचे. मूळ टेबल नुसतं नावाला, माल सगळा पोटटेबलांत. पण एका कंपनीचा काट्याचा प्रोग्रॅम होता, तो मधूनच थेट मूळ टेबलात अर्धवट ओळी टाकायचा. त्याला अडवायला मी एका रात्री मूळ टेबलाच्या पट्टी_तारखेवर ‘नॉट नल’, म्हणजे रकाना रिकामा चालणार नाही अशी अट, लावून टाकलं. काट्याचा प्रोग्रॅम गप्प झाला. पण पुढच्या बहाराचं पोटटेबल बनवलं तर तेही नॉट नल घेऊनच जन्माला आलं, म्हणजे उघडी पट्टी त्यात नोंदवताच येईना. मग मी काय केलं? पोटटेबलावरून ती अट काढून टाकली. दर बहाराला तेच. मूळ टेबल म्हणतं, ‘आमच्या घरात रिकामी तारीख चालत नाही’, आणि पोटात बावीस ठिकाणी रिकाम्या तारखा. पोस्टग्रेसच्या १५व्या आवृत्तीपर्यंत मला यावरून कोणी एका शब्दाने हटकलं नाही.

यंदा आंबियाचा माल ओसरला आणि मृगाचा यायचा होता, त्या मधल्या सवडीत १५वरून थेट १८वर जायचं ठरवलं. घाई नव्हती, १५ला नोव्हेंबर २०२७पर्यंत आधार आहे. पण जूनमध्ये लाइट जातो तेव्हा आणि सिझनमध्ये फोन येतात तेव्हा असली कामं करायची नसतात, एवढं वय झालंय माझं.

जुन्या लॅपटॉपवर डेटाची नक्कल घेतली, पीजी_अपग्रेड, म्हणजे जुना डेटा नव्या आवृत्तीत नेणारा प्रोग्रॅम, ‘चेक’ लावून चालवला. ‘चेक’ म्हणजे तो काही बदलत नाही, फक्त बघून सांगतो. पहिला नकार चेकसमवरून आला. १८मध्ये नवा क्लस्टर (डेटाबेसचं घर) बनवला की डेटा चेकसम, म्हणजे डिस्कवरचा डेटा बिघडला तर पकडणाऱ्या खुणा, आपोआप चालू असतात, आमच्या जुन्यात ते नव्हते, आणि दोन्हीकडे सारखं नसेल तर हा पुढे जात नाही. नवा क्लस्टर चेकसम बंद ठेवून परत बनवला, मिटलं. (चेकसम चांगलेच आहेत. ते मी अपग्रेडनंतर, सर्व्हर बंद ठेवून चालू करणार आहे. एका वेळी एकच भानगड.)

दुसरा नकार आला तेव्हा मात्र मी चहा खाली ठेवला. नॉट नल विसंगत आहे, मूळ टेबलात कॉलम नॉट नल आहे तर पोटटेबलातही तो तसाच हवा, नाहीतर अपग्रेड अडेल, यादी अमुक फायलीत आहे. फाईल उघडली. बावीस ओळी. आंबिया, मृग, आंबिया, मृग. माझ्या एकेका हंगामाची नावं, एकाखाली एक, जणू थकबाकीदारांची यादी.

पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं चाललं होतं ना? मग हा का नाक खुपसून राहिला? राग शांत झाल्यावर खोदत गेले, आणि जे सापडलं ते या परीक्षणाचं खरं कारण आहे.

१७व्या आवृत्तीत (२६ सप्टेंबर २०२४ला आली) प्लॅनरने, म्हणजे उत्तर कसं शोधायचं ते ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या भागाने, एक नवं शहाणपण शिकलं. एखादा कॉलम नॉट नल जाहीर केलेला असेल आणि क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, ‘इज नॉट नल’ अशी अट असेल, तर ती अट फुकटची आहे, प्रत्येक ओळीवर तपासायची गरज नाही, तो ती काढून टाकतो. आणि ‘इज नल’ विचारलं तर उत्तर आधीच ठरलेलं आहे, एकही ओळ नाही. मग टेबलाला हातच लावत नाही. एक्सप्लेन करून, म्हणजे प्लॅनरला त्याचा बेत विचारून, बघा, टेबलाचं नावच दिसणार नाही, फक्त ‘रिझल्ट’ आणि खाली ‘वन-टाइम फिल्टर: फॉल्स’. प्रकाशन-टिपेत या कामापुढे डेव्हिड रोली, रिचर्ड गुओ आणि अँडी फॅन अशी तीन नावं आहेत. कोणी म्हणेल, असल्या वेड्या अटी लिहितं कोण? माणूस नाही लिहीत, पण प्रोग्रॅमने बनवलेल्या क्वेऱ्यांत त्या खंडीभर असतात. शिवाय प्लॅनर स्वतः आतल्या आत काही ठिकाणी इज नॉट नल घालतो. सगळ्यात लहान-मोठा आकडा (मिन-मॅक्स) इंडेक्सवरून काढताना घालतो तशी. ती नको तिथे गळली की बरंच.

म्हणजे आजवर नॉट नल हा दारावरचा रखवालदार होता, आत येणाऱ्या ओळीला अडवणारा. आता तो साक्षीदारही झाला. त्याच्या शब्दावर प्लॅनर आत न बघता निकाल देतो.

हे काम मूळ कोडमध्ये जानेवारी २०२४मध्ये आलं. आणि त्यात एक बग होता, जो एप्रिलमध्ये, पहिली बीटा यायच्या आधीच, दुरुस्त झाला. कोणाच्या चालू धंद्याला त्याची झळ लागलेली नाही. पण तो बग वाचताना माझ्या पाठीतून कळ गेली, कारण तो हुबेहूब माझ्या टेबलाच्या आकाराचा होता: मूळ टेबलावर नॉट नल, पोटटेबलावर नाही. पहिल्या कोडने मूळ टेबलाचा शब्द साऱ्या कुटुंबाचा धरला. अट मूळ टेबलावर तपासली, तिथे ‘फुकटची’ ठरवून फेकली, आणि पोटटेबलांसाठी अटी उतरवायची वेळ आली तेव्हा उतरवायला अटच शिल्लक नाही.

मी वहीत सात ओळी मांडल्या. चारांना तारीख, तीन रिकाम्या. त्या काळच्या कोडच्या डोक्याने चालायचं ठरवलं. प्रश्न पहिला, रिकाम्या तारखेच्या ओळी किती? मूळ टेबल म्हणतं असं असूच शकत नाही. उत्तर शून्य. प्रश्न दुसरा, तारीख असलेल्या किती? ही अट फुकटची, काढा. उत्तर सात.

आता बघा. आम्ही रात्री एक मेळ लावतो. बंद पट्ट्या अधिक उघड्या पट्ट्या बरोबर एकूण आवक, असं जमलं की हिरवी खूण. इथे सात अधिक शून्य, सात. हिरवी खूण! तीन शेतकऱ्यांचे पैसे द्यायचे राहिलेत आणि मेळ चोख बसलाय. एकच आकडा चुकला असता तर मेळाने पकडलं असतं. इथे दोन्ही आकडे एकमेकांना सांभाळून चुकतात, एका अडत्याच्या दोन मुनिमांनी संगनमत करावं तसे. आणि चूक दिसते कशी, तर आनंदाच्या बातमीसारखी: आज कोणाचंच देणं नाही. क्वेरी अडकली, एरर आली, सर्व्हर पडला, तर माणूस फोन करतो. कोऱ्या यादीवरून कोण फोन करतं? संध्याकाळी शेठ यादी कोरी बघतील, गल्ला बंद करतील आणि इतवारीत घरी जातील. फोन करेल तो काटोलचा शेतकरी, पंधरा दिवसांनी, आणि मला नाही करणार.

वही मिटून मी खाली जाऊन तर्री पोहे खाऊन आले. त्या तर्रीने घाम फुटला की आधीच फुटलेला होता, सांगता येणार नाही.

दुरुस्ती मात्र मला फार आवडली. सातबारावर सामाईक खातं असतं बघा. कर्त्याचं नाव वर, खाली भावांचे पोटहिस्से. कर्त्याने ‘आमच्या वावरात विहीर नाही’ असं सांगितलं, तर ते त्याच्या हिश्श्यापुरतं खरं असेल. भावाच्या हिश्श्यात विहीर आहे की नाही, ते भावालाच विचारायला हवं. पोस्टग्रेसच्या प्लॅनरमध्ये मूळ टेबल तसंही दोन रूपांत येतं, एकदा साऱ्या कुटुंबाचा प्रमुख म्हणून आणि एकदा नुसतं स्वतः म्हणून. दुरुस्तीत एवढंच केलं, की प्रमुखाच्या रूपावर हे शहाणपण चालवायचं नाही. अट जशीच्या तशी खाली उतरवायची आणि मग प्रत्येक पोटटेबलाला, आणि एकट्या मूळ टेबलालाही, त्याच्या त्याच्या नॉट नलप्रमाणे वेगळं विचारायचं. ज्याने शब्द दिलाय त्याची तपासणी वाचेल, ज्याने नाही दिला त्याची होईल.

हे वाचून झाल्यावर मला दुसरी शंका आली, लेफ्ट जॉइनची. आमचा एक रिपोर्ट आहे, ‘या बहारात एकही गाडी न आणलेले शेतकरी’. शेतकऱ्यांना आवक लेफ्ट जॉइन करायची, म्हणजे आवक असो-नसो, प्रत्येक शेतकरी यादीत ठेवून जोडायची, आणि आवकेचा आयडी इज नल असलेले घ्यायचे. आयडी तर प्रायमरी की, ओळीची ओळख, पक्का नॉट नल! प्लॅनरने इथेही ‘असं असूच शकत नाही’ म्हटलं तर? पण टेबलात नल नसला तरी जोड लागली नाही की जॉइन स्वतःच तिथे नल भरतो. लॅपटॉपवर १५ आणि १८ शेजारी शेजारी लावून हा रिपोर्ट सहा बहारांसाठी काढला. नाव न् नाव जुळलं. कारण असं, की १६व्या आवृत्तीत पोस्टग्रेसचे विकासक टॉम लेन यांनी प्लॅनरच्या आत मोठी मशागत करून ठेवली होती. क्वेरीतल्या प्रत्येक कॉलमवर आता खूण असते, की कोणकोणता आउटर जॉइन (लेफ्ट जॉइन त्यातलाच) याला नल करू शकतो. १७चं शहाणपण आधी ती खूण बघतं, आणि खूण असली की हात आखडता घेतं.

तर १८ने मला का अडवलं? कारण १८मध्ये नॉट नल ही नुसती कॉलमवरची टिकली राहिली नाही. ती इतर अटींसारखी स्वतःचं नाव असलेली, कॅटलॉगात (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत) नोंदलेली अट झाली, आणि मूळ टेबलाने लावली की पोटटेबलाला परस्पर काढता येत नाही. माझी दर बहाराची चोरवाट बंद. त्याच बदलाने मला अकरा वर्षांपूर्वी जे हवं होतं तेही दिलं: नॉट नल, पण ‘नो इनहेरिट’. म्हणजे शब्द फक्त मूळ टेबलाचा, पोटातल्यांना लागू नाही. काट्याच्या प्रोग्रॅमला दाराबाहेर ठेवायला मला एवढंच पाहिजे होतं हो!

दुरुस्ती दहा मिनिटांची झाली. जुन्या १५मध्येच मूळ टेबलावरचं नॉट नल काढलं. चेक परत चालवला, पास. अपग्रेड केलं, मग १८मध्ये मूळ टेबलावर नो इनहेरिटवालं नॉट नल लावलं. मूळ टेबल रिकामंच, त्यामुळे क्षणात लागलं. ज्यांची पोटटेबलं खरोखर नॉट नल असायला हवीत, त्यांचा मार्ग उलटा असेल. आधी रिकामे रकाने भरा, मग पोटटेबलावर अट लावा, आणि टेबल मोठं असेल तर वेळ काढून ठेवा, कारण सगळ्या ओळी तपासल्या जातात. १८मध्ये नॉट नलला ‘नॉट व्हॅलिड’ करून आधी लावता येतं आणि जुन्या ओळी नंतर सवडीने तपासता येतात. तोवर त्या न तपासलेल्या शब्दावर प्लॅनर विसंबत नाही, हेही बरं केलंय.

आणखी एक सुख. अपग्रेडनंतर पूर्वी पूर्ण अॅनालाइझ, म्हणजे टेबलांची आकडेवारी नव्याने गोळा, होईपर्यंत क्वेऱ्या लंगडायच्या, कारण प्लॅनरचे सगळे अंदाज पुसले जायचे. १८मध्ये पीजी_अपग्रेड बहुतेक आकडेवारी सोबत घेऊन येतो. सकाळी सहाला लिलावाची गडबड सुरू झाली आणि कोणाला काही कळलंच नाही.

आता तक्रारी. अपग्रेडचा तो निरोप विसंगती दाखवतो, पोटटेबलाला अट लावा असंही सुचवतो, पण कदाचित तुमचं मूळ टेबलच खोटं बोलत असेल, ही शक्यता त्याच्या तोंडी येत नाही. मी घाईत असते तर बावीस टेबलांतल्या उघड्या पट्ट्यांत खोट्या तारखा भरून मोकळी झाले असते, आणि मग ती लबाडी कोणत्याच प्लॅनरच्या बापाला सापडली नसती. दुसरं, ‘नॉट इन’चा सापळा आहे तिथेच आहे. आतल्या यादीत एक जरी नल आला की सगळं उत्तर कोरं. तो दोष पोस्टग्रेसचा नाही, एसक्यूएलच्या नियमातच तसं आहे, पण नवीन पोरं दर वर्षी त्यात पडतात. आमच्या पोराला मी ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिही म्हणून तीनदा सांगितलंय, चौथ्यांदा आता त्याच्या टेबलावर चिठ्ठी लावणार आहे. तिसरं, पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीने लावले तर १८ इशारे देतो, आणि आमचे अजून त्यावरच होते. ते काम पडलंय.

घ्यावा का? एकट्या साध्या टेबलांवर काम असेल तर डोळे झाकून घ्या, तुम्हाला यातलं काही जाणवणारसुद्धा नाही. जुना इनहेरिटन्सचा पसारा असेल तर आधी नकलेवर ‘चेक’ चालवा आणि जी यादी येईल ती चहा घेऊन सावकाश वाचा. पाचात साडेचार देते. अर्धा त्या निरोपाचा कापला.

पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम कळमन्याला जाऊन बसले. शेठनी नेहमीसारखी यादी काढली. एकोणीस नावं. मी लॅपटॉपवर जुन्या १५वर काढून ठेवलेली यादी शेजारी धरली. एकोणीस. शेठ चष्म्यावरून बघत म्हणाले, “काय ताई, नलाला पाणी आलं का?”

“आलं शेठ,” मी म्हटलं, “एकोणीस जणांचं देणं आहे.”

“हे काय आनंदानं सांगून राहिल्या तुम्ही,” असं पुटपुटत त्यांनी गल्ल्याची चावी काढली.